उघड्या चाकांची गाडी आणि सरावाचा दिवस

बेळगावच्या उद्यमबागेत माझे लेथ आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप आहे. पंपांचे आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग हे आमचे रोजचे काम. पण गेली काही वर्षे, पाऊस ओसरून गळीत हंगामाची चाहूल लागली की अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले-मुली ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन दारात उभी राहतात. त्यांना चाकांचे हब (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग), अपराइट (हबला धरून ठेवणारा उभा भाग), पुली असे भाग करून हवे असतात. सुप्रा आणि फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ती एक आसनी शर्यतीची गाडी बनवतात. आराखडा त्यांचा, वेल्डिंग त्यांचे आणि चालवणारेही त्यांच्यातलेच. गाडीचे बूड जमिनीपासून जेमतेम दोन बोटे वर असते, चालकाचे डोके उघड्यावर असते आणि चारही चाके मडगार्डाशिवाय, गाडीच्या अंगाबाहेर फिरत असतात. फॉर्म्युला वनच्या गाडीची घडणही तत्त्वतः हीच आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचे हब मी करून दिले. तिचे प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटाने बसत होते. अशा बांधणीसाठी या स्पर्धांच्या नियमांत स्पष्ट अट असते की नट ढिला झाला तरी तो आणि चाक निसटू नये म्हणून वेगळी अडकण हवीच, आणि पहिल्यावर दुसरा नट आवळून ठेवणे ही अडकण म्हणून धरली जात नाही. म्हणून मी टोकाला स्प्लिट पिनेसाठी, म्हणजे आरपार घालून टोके वाकवायच्या पिनेसाठी, भोक पाडून दिले होते. महिनाभराने एका रविवारी सकाळी त्यांचा सराव पाहायला मी मोठ्या कौतुकाने गेलो. महाविद्यालयाच्या मागचा डांबरी रस्ता होता, एका बाजूला कंपाउंडची भिंत आणि दुसऱ्या बाजूला निलगिरीची झाडे. चौथ्या-पाचव्या फेरीत वळण घेताना पुढचे डावे चाक सुटले, उड्या मारत गाडीच्याही पुढे गेले आणि रस्त्याकडेला मोबाईलवर चित्रण करत उभ्या असलेल्या एका मुलीच्या गुडघ्याजवळून जाऊन भिंतीवर आदळले. कोणाला खरचटलेही नाही. मी जाऊन पाहिले तर पिनेचे भोक रिकामे होते. विचारले तेव्हा त्यांच्यातला एकजण म्हणाला, ‘‘काका, पिन स्पर्धेला जाताना घालतो की. इथं सारखं चाक काढावं लागतंय.’’

त्या मुलाला पिनेचे कारण ठाऊक नव्हते असे नाही. तपासनीस स्पर्धेत असतो आणि सरावाला नसतो, हेही त्याला ठाऊक होते, आणि तो त्याप्रमाणे वागला. त्या दिवसापासून मी या विषयावर जे वाचले, पाहिले आणि जाणकारांना विचारले, त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. उघड्या चाकांच्या शर्यतीत चालकाचा जीव त्याच्या धाडसावर किंवा कौशल्यावर सोडता येत नाही, त्यासाठी आयोजकाला व्यवस्था उभी करावी लागते, हे जगाने गेल्या साठ वर्षांत अनेक माणसे गमावून शिकलेले आहे. आपल्याकडे ती व्यवस्था स्पर्धेच्या चार दिवसांपुरती असते आणि धोक्याचे बाकीचे सगळे तास सरावात जातात. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यातील महाविद्यालयांनी सरावाच्या दिवसाला स्पर्धेचेच नियम लावले पाहिजेत, आणि ते लावणे जमत नसेल त्या दिवशी गाडीचे इंजिन सुरू होऊ देता कामा नये.

हा धोका गाडीच्या आकारातूनच येतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पुढे धावणाऱ्या चाकाची मागची बाजू सतत वर जात असते आणि मागून येणाऱ्या चाकाची पुढची बाजू सतत खाली जात असते. बंद गाड्यांत या दोन चाकांमध्ये पत्रा असतो, त्यामुळे धडक झाली तरी पत्रा चेपण्यावर बहुधा निभावते. उघडी चाके एकमेकांना भिडली की पुढचे चाक मागच्याला वर ढकलते, मागचे त्याच्यावर चढते आणि अख्खी गाडी हवेत जाते. अमेरिकेत लास व्हेगासच्या लंबगोल ट्रॅकवर १६ ऑक्टोबर २०११ रोजी १५ गाड्या एकमेकींत गुंतल्या, तेव्हा डॅन व्हेल्डन यांची गाडी अशीच उडून कुंपणाच्या जाळीत गेली आणि खांबाचा मार डोक्याला बसून त्यांचा मृत्यू झाला. ते ‘इंडियानापोलिस ५००’ या मोठ्या शर्यतीचे दोन वेळचे विजेते होते, म्हणजे कौशल्यात कुठेही कमी नव्हते. पुढच्या हंगामासाठी तयार होत असलेल्या नव्या गाडीच्या चाचण्या त्यांनीच घेतल्या होत्या. तिला त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव देण्यात आले आणि चाकावर चाक चढू नये म्हणून तिच्या मागच्या चाकांमागे आडोसा बसवला गेला.

दुसरा धोका सुटलेल्या चाकाचा, आणि मला तो अधिक जवळचा वाटतो, कारण मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. ब्रँड्स हॅच येथे १९ जुलै २००९ रोजी फॉर्म्युला टूच्या शर्यतीत दुसऱ्याच्या गाडीचे निखळलेले चाक ट्रॅकवर उसळून आले आणि १८ वर्षांच्या हेन्री सर्टीसच्या डोक्यावर आदळले. त्याच्याकडून काहीही चुकलेले नव्हते. त्यानंतर सहाच दिवसांनी हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासा यांच्या हेल्मेटवर बसली आणि ते कसेबसे वाचले. चाके गाडीशी मजबूत दोरांनी बांधून ठेवण्याची सक्ती फॉर्म्युला वनमध्ये १९९९ च्या सुमारास आली होती, तरीही २००० साली मोंझाला आणि २००१ साली मेलबर्नला उडालेल्या चाकांनी ट्रॅककडेला काम करणाऱ्या दोन स्वयंसेवकांचे जीव घेतले. पाओलो जिस्लिम्बेर्ती आणि ग्रॅहम बेव्हरिज अशी त्यांची नावे. या खेळाच्या इतिहासात चालकांची नावे ठळक अक्षरांत येतात आणि कडेला झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्यांची तळटीपेत जातात, म्हणून ही दोन नावे मी मुद्दाम लिहिली. ते दोर तुटले म्हणून पुढे अधिक मजबूत आणि दुहेरी करण्यात आले. चाक सुटणे कायमचे थांबवता येत नसेल तर सुटलेले चाक दूर जाणार नाही असे करायचे, असा तो विचार आहे.

हे शहाणपण सहज आलेले नाही. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे पावसात जॅकी स्ट्युअर्ट यांची गाडी घसरून बाजूच्या शेतवाडीत गेली आणि ते वाकलेल्या स्टिअरिंगखाली अडकून पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत पंचवीसएक मिनिटे पडून राहिले. त्यांना सोडवायला धावलेल्या सहस्पर्धकांजवळ हत्यार नव्हते; एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणावा लागला. त्यानंतर स्ट्युअर्ट आपल्या गाडीत पाना बांधून ठेवू लागले आणि ट्रॅकवर डॉक्टर, कुंपणे, पट्टे, अग्निशमनाची साधने असावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे भांडण केले. त्या काळी त्यांना भित्रा म्हणणारे पुष्कळ होते. हा भित्रा माणूस तीन वेळा जगज्जेता झाला, आणि आज जे चालक जिवंत घरी परततात ते त्याच्या हट्टाचे ऋणी आहेत.

१९७३ ची झँडव्हूर्टची शर्यत तर माझ्या मते प्रत्येक महाविद्यालयातील चमूला सविस्तर सांगितली पाहिजे. रॉजर विल्यमसन यांची गाडी उलटून पेटली. ते आत जिवंत होते. डेव्हिड पर्ली नावाच्या सहस्पर्धकाने आपली गाडी थांबवून धाव घेतली, एकट्याने ती उलटी गाडी सरळ करायचा प्रयत्न केला, अग्निशमन नळा हाती घेऊन तो रिकामा केला. कडेचे स्वयंसेवक जवळ येऊ शकले नाहीत, कारण त्यांच्या अंगावर आग सोसणारे कपडेच नव्हते. शर्यत चालूच राहिली आणि विल्यमसन गेले. पर्ली यांना पुढे शौर्यपदक मिळाले. त्या दिवशी शौर्याची उणीव नव्हती. चार माणसांचे कपडे, आणखी दोन नळे आणि शर्यत थांबवायचा अधिकार असलेला, ते दृश्य नीट दिसणारा एक माणूस, एवढ्याची उणीव होती.

पुढे १९७८ साली मोंझाला रॉनी पीटरसन यांच्या अपघातात वैद्यकीय मदत पोहोचायला उशीर झाला, आणि सिड वॉटकिन्स या मेंदूशल्यविशारदांनी आग्रह धरला की पहिल्या फेरीत सगळ्या गाड्या दाटीने धावत असताना डॉक्टरची गाडी त्यांच्या मागोमाग धावलीच पाहिजे. हा नियम नंतरच्या चार दशकांत शेकडो शर्यतींत पाळला गेला आणि बहुतेक वेळा त्या गाडीला काही काम पडले नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोजाँ यांची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले आणि ज्वाळांनी घेरली गेली, तेव्हा काही सेकंदांत डॉक्टर तिथे होते, कारण ते मागोमागच येत होते. अर्ध्या मिनिटाच्या आत ग्रोजाँ स्वतः त्या आगीतून चढून बाहेर आले. हात भाजले, जीव वाचला. आगीपासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांचे कडक केलेले मानक त्याच वर्षी लागू झालेले होते. १९९४ साली इमोलाला रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे दोघे लागोपाठच्या दोन दिवशी गेले, त्यानंतर धडकेची चाचणी, चालकाची कोठडी, कठडे यांवर जे काम झाले, मानेला आधार देणारे जे साधन २००३ पासून सक्तीचे झाले, ते सगळे त्या अर्ध्या मिनिटात एकत्र उपयोगी पडले.

त्यात सर्वांत ठळक वाटा होता हेलोचा, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या टायटॅनियमच्या कमानीचा. तिचे वजन सुमारे ७ किलो असते आणि ती १२ टनांच्या घरातला भार सोसते. २०१४ च्या जपानी शर्यतीत ज्यूल बिआंकी यांची गाडी ट्रॅककडेच्या क्रेनवर आदळली आणि नऊ महिन्यांनी ते गेले. २०१५ साली अमेरिकेत जस्टिन विल्सन यांना दुसऱ्या गाडीचा उडालेला तुकडा डोक्याला लागून मृत्यू आला. डोके उघडे ठेवणे आता चालणार नाही हे त्यानंतर अनेकांना पटले, पण सगळ्यांना नाही. २०१८ पासून हेलो सक्तीचा झाला तेव्हा गाडी कुरूप दिसते, खेळाचा आत्मा हरवतो, उघडे डोके हीच या शर्यतीची ओळख आहे, असे म्हणणारे प्रेक्षकांत, संघांत आणि चालकांतही होते. ग्रोजाँ स्वतः हेलोच्या विरोधात होते. बहरीनच्या रुग्णालयातून त्यांनी जाहीरपणे सांगितले की हेलो नसता तर आपण बोलायला उरलो नसतो. २०२२ साली सिल्व्हरस्टोनला जो ग्वानयू यांची गाडी उलटली, तिच्या डोक्यामागचा मूळ आधार मोडला, तेव्हाही डोके वाचवले ते हेलोनेच.

या वादातून मी एक गोष्ट घेतो आणि ती आपल्या मुलांना लागू करतो. जो चालवतो त्याचे मत सुरक्षिततेच्या बाबतीत अखेरचे मानू नये. वेगाची ओढ असलेल्या तरुणाला साधन अडचणीचे वाटणारच. जगातील उत्तम चालकांना ते वाटले, तर वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पिन काढ-घाल करणे कटकटीचे वाटले यात नवल नाही. नियम करणाऱ्याने त्याच्याशी बोलावे, त्याला कारण समजावून सांगावे, आणि त्याला पटो अगर न पटो, नियम लावावा.

आता आपल्या मैदानाकडे वळू. विद्यार्थ्यांच्या या गाडीच्या नाकात धडक शोषणारा एक ठोकळा असतो, बहुधा ॲल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या जाळीचा किंवा कडक फोमचा. नियमानुसार ३०० किलो वजनाची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने भिंतीवर आदळली, तर त्या ठोकळ्याने ती ऊर्जा, म्हणजे ७,३५० ज्यूल, शोषली पाहिजे आणि सरासरी धक्का गुरुत्वाच्या २० पटींच्या वर जाता कामा नये. सेकंदाला ७ मीटर म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर. याच गाड्या ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. वेग चौपट झाला की ऊर्जा सोळापट होते, हे आकडेमोडीने कोणालाही ताडून पाहता येईल. म्हणजे नाकातला तो ठोकळा ताशी १०० किलोमीटरच्या धडकेचा सोळावा हिस्सा तेवढा पचवील आणि उरलेले पंधरा हिस्से गाडीच्या सांगाड्यावर आणि मुलाच्या पायांवर येतील.

मग हा नियम चुकीचा आहे का? अजिबात नाही. स्पर्धेच्या ट्रॅकची आखणी लक्षात घेऊन तो केलेला आहे. तिथे वळणे दाट असतात, सरळ पट्टे आखूड ठेवतात, हद्द प्लास्टिकच्या शंकूंनी आखतात आणि त्या शंकूंपलीकडे मोकळी जागा असते; गाडी घसरली तरी शंकू उडवत जाऊन थांबते. बुद्ध सर्किट किंवा कोइंबतूरचा कारी ट्रॅक ही शर्यतींसाठीच बांधलेली ठिकाणे आहेत. गाडी आणि जागा मिळून चालकाचे रक्षण करतात, असा त्या नियमाचा अर्थ आहे. आपण मात्र तीच गाडी भिंत, झाडे आणि विजेचे खांब असलेल्या सरळ रस्त्यावर आणतो, तिचा वेग किती जातो ते पाहतो, आणि गाडी नियमात बसते म्हणून निर्धास्त राहतो. माझ्या मते आपल्याकडच्या सरावातील सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती भाबडेपणाने होते.

काही ठिकाणी वळणावर आडोसा म्हणून कडब्याच्या पेंढ्या किंवा भुशाची पोती रचलेली मी पाहिली आहेत. गावाकडे ती सहज मिळतात, मऊ असतात, म्हणून सुरक्षित वाटतात. मोनॅको येथे १९६७ साली लोरेंझो बान्दिनी यांची गाडी उलटून गवताच्या गठ्ठ्यांवर पडली आणि त्या गठ्ठ्यांनीच आग वाढवली. ते तीन दिवसांनी गेले, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनमधून गवताचे गठ्ठे हद्दपार झाले. पेट्रोलची गाडी धावते तिथे कडबा ठेवू नये. महामार्गावरच्या टायरवाल्यांकडे ट्रकची जुनी टायरे हवी तितकी मिळतात. ती एकमेकांना बोल्टने पक्की जोडून भिंतीपुढे उभी केली तर उपयोग होतो. सुटी रचून ठेवली तर ती उडतात आणि स्वतःच धोका बनतात.

हेल्मेटबद्दल थोडक्यात सांगतो. मोटरसायकलचे आयएसआय चिन्हाचे हेल्मेट रस्त्यासाठी चांगले आहे, पण त्याच्या आतल्या अस्तराला आग सोसण्याची अट नसते, जी शर्यतीच्या हेल्मेटला असते. पॉलिएस्टरचा संघाचा टी-शर्ट भाजल्यावर कातडीला चिकटतो. या दोन गोष्टींवर तडजोड नको.

आपल्या भागाचे एक खास वैशिष्ट्य इथे मला महत्त्वाचे वाटते. बेळगावच्या कोणत्याही चमूत मराठी घरातली मुले असतात, कन्नड घरातली असतात, वसतिगृहात राहणारी हिंदी भाषकही असतात, आणि ती सगळी एकमेकांशी छान मिसळून बोलतात. पण संकटाच्या क्षणी माणूस आपल्या मातृभाषेत ओरडतो. त्या रविवारी चाक सुटले तेव्हा एकाच वेळी ‘थांब’, ‘निल्लू’ आणि ‘ब्रेक मार’ असे तीन आवाज उठले आणि इंजिनाच्या गोंगाटात, हेल्मेटच्या आत, चालकाला त्यातले काहीच कळले नाही. शर्यतीत झेंड्यांची भाषा आहे ती याचसाठी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी कर. लाल म्हणजे सगळे थांबवा. दोन झेंडे, ते हाती धरणारी ठरलेली दोन माणसे आणि लाल झेंडा दिसल्यावर काही न विचारता थांबण्याची सवय, एवढे झाले तरी मोठा फरक पडेल. ज्या भागात भाषा हा इतका हळवा विषय आहे, तिथल्या मुलांनी मैदानात एकच समाईक भाषा पाळावी आणि ती रंगांची असावी, याचे मला समाधान वाटते.

रुग्णालयाचेही तसेच. शहरात मोठी रुग्णालये आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो, पण सराव बहुधा शहराबाहेर, मोकळ्या माळावर किंवा महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर, पहाटे किंवा संध्याकाळी चालतो. गळीत हंगामात त्याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. १०८ वर फोन केल्यावर रुग्णवाहिका तिथे कधी पोहोचेल, हे अपघातानंतर मोजण्यात अर्थ नाही. रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित माणूस जागेवर हवा, आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे, कोणत्या वाटेने, हे सकाळीच ठरलेले हवे. चालकाने पाच सेकंदांत गाडीबाहेर यायचे ही परीक्षा स्पर्धेत घेतात. ती प्रत्येक सरावाच्या आरंभी घ्यायला पैसे लागत नाहीत. अग्निशमन नळा किमान दोघांनी आधी एकदा स्वतः चालवून पाहिलेला असावा. हल्ली काही चमू विजेवरच्या गाड्या बनवू लागले आहेत; त्यांच्या बॅटरीची आग आणि विजेचा धक्का यांची तयारी वेगळी लागते, आणि ती शिकवणारा जाणकार नसेल तर ती गाडी मैदानात आणूच नये.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मला गंभीर वाटतात. पहिला असा की इतके नियम लावले तर मुले हा नादच सोडतील. आपल्या भागातील मुलांना आधीच संधी कमी. शेजारच्या कोल्हापुरातील कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले, ही उदाहरणे इथल्या मुलांना ठाऊक आहेत आणि त्यांच्या डोळ्यांतली चमक मी रोज पाहतो. ती विझावी असे मला मुळीच वाटत नाही. पण एका अपघाताने काय होते याचा विचार करा. एक मूल गेले की ते महाविद्यालय तो उपक्रम कायमचा बंद करील, शेजारची चार महाविद्यालयेही बंद करतील, आणि कोणताही पालक पुन्हा सही करणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या राष्ट्रीय शर्यतीत बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा गेला, तेव्हा देशभर सर्वांत मोठा प्रश्न हाच विचारला गेला की इतक्या लहान मुलाला तिथे उतरवले कोणी. तो ट्रॅक रीतसर होता, डॉक्टर होते, परवानगी होती. आपल्या मागच्या रस्त्यावर यातले काहीच नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा. एक चमू गाडीवर लाखो रुपये घालतो, त्यातले बरेचसे मुले प्रायोजकांच्या दारोदार फिरून जमवतात, आणि रुग्णवाहिका, टायरे, हेल्मेट, झेंडे यांचा खर्च त्यांच्यावरच पडला तर तो जड होतो हे खरे. म्हणूनच तो मुलांवर पडू नये. संस्था माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर या गाडीचे छायाचित्र छापते, प्रवेशाच्या काळात ती गाडी दर्शनी भागात उभी करते. जिच्यामुळे संस्थेचे नाव होते, तिच्या सरावाचा खर्च संस्थेने उचलणे हे न्यायाचे आहे. शिवाय प्रत्येकाने वेगळी व्यवस्था करण्याची गरजही नाही. बेळगाव परिसरातील चमूंनी महिन्यातून दोन दिवस एकाच मोकळ्या, भिंती-झाडांपासून दूर असलेल्या डांबरी जागेवर मिळून सराव केला तर एकच रुग्णवाहिका, एकच टायरांचा संच, एकच तपासनीस सगळ्यांना पुरेल.

यात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ पुढाकार घेऊ शकते. त्याचे मुख्यालय आपल्याच मच्छे येथे आहे आणि तिथून निघालेले परिपत्रक राज्यभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत जाते. सरावाच्या प्रत्येक दिवसाची लेखी नोंद असावी, प्राध्यापक जागेवर असल्याशिवाय आणि तपासणीची यादी सही झाल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये, आणि चाक सुटले, ब्रेक लागला नाही, आग लागली, अशी प्रत्येक घटना, कोणाला इजा झालेली नसली तरी, सर्व महाविद्यालयांना कळवली जावी, एवढे तीन मुद्दे त्या परिपत्रकात आले तरी पुरे. तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. जागतिक शर्यतीत सुधारणा झाल्या त्या अपघात लपवले न गेल्यामुळे. प्रत्येक अपघाताची चौकशी झाली, आकडे मांडले गेले आणि पुढच्या वर्षीचा नियम त्यातून आला. त्या रविवारचे सुटलेले चाक मात्र मुलांनी परत बसवले, भिंतीवरचा डाग पुसला आणि मला हात जोडून विनवले की सरांना सांगू नका. सांगितले तर गाडी बंद होईल अशी त्यांना भीती होती. कळवणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी हमी असल्याशिवाय कोणी कळवणार नाही, हेही त्या परिपत्रकात लिहावे लागेल.

आणि ज्यांना हे सारे अवास्तव वाटते त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या दोन्ही राज्यांत बैलगाडी आणि कंबळा (रेड्यांच्या) शर्यतींसाठी कायदे दुरुस्त झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ते कायदे मान्य केले. जनावरांना इजा होऊ नये म्हणून त्या कायद्यांबरोबर अटी आल्या, आणि त्या आज आपल्या गावोगावच्या शर्यतीच्या मंडळांना तोंडपाठ आहेत. शेतकरी मंडळांना जे जमले ते अभियांत्रिकी महाविद्यालयांना जमेल.

त्या रविवारी मी मुलांचे ऐकले आणि गप्प बसलो. ती माझी चूक होती. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः जाऊन त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटलो, मुलांसमोर सगळे सांगितले आणि गाडी बंद करू नका, पिनेशिवाय धावू देऊ नका, अशी विनंती केली. त्यांनी ती मानली. त्यानंतर माझ्या वर्कशॉपमध्ये हबचे काम घेऊन येणाऱ्या प्रत्येक चमूला मी आधी सरावाची जागा विचारतो, आणि शक्य तेव्हा जाऊन पाहतो. हब देताना प्रत्येकी दोन डझन स्प्लिट पिना पिशवीत घालून देतो, कारण एकदा काढलेली पिन वाकते आणि ती पुन्हा घालायची नसते. यंदा दोन चमूंच्या ड्रॉइंगमध्ये, नियमात सक्ती नसतानाही, चाकाला बांधायच्या दोराचे कान अपराइटवरच दाखवलेले होते. ते काम मी पुढच्या सोमवारी मशीनवर लावतो आहे.